कासवाचं सोंग

वादळ आलं ते भर दुपारी, आणि गेलंही घटकाभरात. पण जाता जाता सहादूच्या घरावरची निम्मी कौलं त्यानं ओढ्यात नेऊन टाकली. चैत्र सरत आला होता. उंबरदऱ्यात या दिवसांत प्यायला पाणी नसायचं, राजूरकडून येणाऱ्या टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसावं लागायचं. आणि त्या दिवशी सहादूच्या घरात घोट्यापर्यंत पाणी उभं राहिलं होतं. कडूबाई वाऱ्याला शिव्या देत भाताची पोती ओढत होती. तिची सून मोनिका घमेल्यानं पाणी उपसत होती. आणि ज्यानं आधी पोत्यांना हात घालायचा तो सहादू, सत्तावन्न वर्षांचा माणूस, दुखऱ्या गुडघ्यानं शिडी चढून माळ्यावर गेला होता.

“अवं, भात भिजला सगळा!” कडूबाई खालून ओरडली. “वर काय सोनं ठिवलंय तुमच्या बानं?”

थोड्या वेळानं सहादू पाठमोरा खाली उतरला. काखेत गोणपाटाचं बोचकं होतं. ते ठेवून तो परत चढला, आणि या वेळी उतरला तेव्हा त्याच्या पाठीवर परातीच्या दुप्पट मोठं, फुगीर असं काहीतरी होतं. त्यातून पाणी गळत होतं. त्यानं ते अंगणातल्या बाजेवर ठेवलं, तान्ह्या पोराला ठेवावं तसं, आणि नुसता बघत उभा राहिला.

मोनिकाचं घमेलं हातातच राहिलं. गेल्या मार्गशीर्षात लग्न होऊन ती संगमनेरच्या खालच्या अंगाहून या डोंगरात आली होती. तिला एक खोड होती. एखादी वस्तू दिसली की ती कशाची, कुणी केली, आत काय आहे, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. माहेरी तिनं बापाचं घड्याळ दोनदा उघडलं होतं, आणि त्यातल्या एकदाच ते परत चालू झालं होतं.

“मामा, काय हाय ह्ये?”

“आपलं सोंग,” सहादू म्हणाला. “कासव.”

मग कळलं ते असं. अक्षय तृतीयेला गावात बोहाडा बसतो. देवांची सोंगं निघतात. एकेका घराकडं एकेक सोंग, बापाकडून मुलाकडं आलेलं. तोंडावर मुखवटा चढवायचा, संबळ-पिपाणीच्या तालावर दारोदार नाचायचं, आणि जो नाचतो त्याच्या त्या वेळेपुरतं गाव पाया पडतं.

“म्हंजे सगळे अवतार हायेत गावात?” मोनिका ओल्या लुगड्यानिशीच बाजेजवळ बसली.

“हायेत की. मासा गुरवाच्यात. वराह वरल्या आळीला. नरसिंह सूर्यभानकडं. वामन छबूकडं.”

“छबूभाऊ? त्यांचं तर दाराला डोकं लागतंय!”

“मान घराचा आस्तो पोरी, उंचीचा न्हाई. राम हाय, किष्न हाय.”

“आन कल्की?”

“त्यो आजून यायचाय. यायच्या आदी त्याचं तोंड कसं करनार?”

कडूबाई पोतं टेकून फणकारली. “सगळ्यांला चांगली चांगली सोंगं, आन आमच्या वाट्याला कासव. नरसिंह निघाला की बाया पोरं पोटाशी धरत्यात. कासव निघालं की मानसं च्या प्यायला उठत्यात. संबळवाला बी एका हातानं वाजवतो.”

सहादू कासवाच्या पाठीवरून तळवा फिरवत होता. बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून केलेली ती पाठ भिजून फुगली होती. बोट लावावं तिथं पापुद्रा सुटत होता.

“मामा, देवाला कासव व्हायची काय गरज पडली?”

“समुद्र घुसळायचा हुता. डोंगराची रवी केली, सापाचा दोर. पन रवी खाली टेकाया काय तरी लागतं का न्हाई? डोंगर बुडाया लागला. मग देव कासव झाला, खाली गेला, पाठ दिली.”

“मग अमृत निघाल्यावर त्याला दिलं का कुनी?”

सहादूनं तिच्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं तो कासव नाचत होता. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं.

“ठाव न्हाई,” तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी पडझड बघायला सूर्यभान आला. कधीकाळी सरपंच होता, आता नव्हता, पण चालणं अजून सरपंचाचंच होतं. त्यानं कौलं बघितली, भात बघितला आणि शेवटी बाजेवरचं कासव बघितलं.

“गेलं की रं ह्ये.”

“दुरुस्त करीन.”

“बारा दिवसांत? तुझा गुडघा आसा, पोरगा पंकज तिकडं सुप्याला कंपनीत.” सूर्यभाननं पाठीला बोट लावून बघितलं, बोटाबरोबर कागद आला. “मी काय म्हनतो, यंदा कासव गाळू. पोरं तसंबी त्या टायमाला मोबाईल बघत बसत्यात.”

हे तो वाईट बुद्धीनं बोलला नव्हता, त्यामुळंच ते जास्त लागलं. सोंग एक साल गाळलं की त्या घराचा मान गेला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

“निघंल,” सहादू म्हणाला. “कासव निघंल.”

त्याच दुपारी कामाला सुरुवात झाली. कडूबाईनं चिंचोके भाजले, सोलले आणि भिजत घातले; त्यांची शिजवून खळ करायची. सहादू नव्या कामट्या तासायला बसला. मुखवटा मोनिकाकडं आला. सुटलेले कागद सोलून काढायचे, पक्का थर लागला की थांबायचं, एवढंच तिला सांगितलं होतं.

कासवाचं तोंड चपटं होतं, वर दोन वाटोळे डोळे, खाली आखूड चोच, आणि आतून-बाहेरून नुसता कागद. पण ते हातात घेतलं आणि मोनिकाला पहिली शंका आली.

“मामा, ह्ये एवढं जड कसं? पाठ हलकी, आन तोंड जड?”

“माझ्याकडं आलं तवापासनं जडच हाय. मान आखडती दोन दोन दिस.”

ती सोलू लागली. दरवर्षी बोहाड्याआधी कागदाचा एक नवा थर द्यायची या घराची रीत होती, त्यामुळं एकेका थरात एकेक साल होतं. वर क्रिकेटची बातमी. मग पंकजची चौथीची गणिताची वही. तीन उदाहरणं, तिन्ही चुकलेली. मोनिका एकटीच हसली. मग खताची जाहिरात, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, निवडणुकीचं पत्रक. ती तारखा शोधत खाली खाली जात राहिली. पक्का थर कधीच लागला होता. पण थांबावंसं वाटेना. संध्याकाळपर्यंत तिच्या मांडीवर कागदांचा ढीग झाला. सगळ्यांत खालच्या कागदावर एकोणीसशे एकाहत्तर साल होतं. तो निघाला आणि खाली कागद नव्हता. लाल रंग होता.

तिनं पदरानं पुसलं. लाल रंगाखाली लाकूड, सागाचं. लाकडावर कोरलेली आयाळ, केस न् केस सुटा. चपट्या चोचीच्या जागी कागदाचा गोळा होता. तो निघाला तसा जबडा उघडा पडला. जाड नाकपुड्या. बाहेर आलेली जीभ.

“मामा,” ती हळूच म्हणाली. “ह्ये कासव न्हाई.”

सहादूच्या हातातला कोयता थांबला. तो उठून आला, मुखवटा दोन्ही हातांत धरून त्यानं उजेडाकडं केला.

“नरसिंह,” कडूबाई म्हणाली. “अगं बया. आपल्या घरात?”

सहादूनं मुखवटा तोंडाला लावला. चाळीस वर्षं तोच मुखवटा तो लावत होता. पण आता तो ताठ उभा राहिला, गुडघा विसरून, आणि अंगणातल्या कोंबड्या फडफडत बाजूला झाल्या.

मोनिकाचं लक्ष मात्र जबड्याकडं होतं. चार सुळे असायला हवे होते. चारही ठिकाणी सपाट खुंट होते. तुटलेले नव्हते, करवतीनं कापलेले होते.

“सुळे कुनी कापले?” तिनं विचारलं.

तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं.

*

मोनिकानं मुखवट्याचा फोटो पंकजला पाठवला, ही तिची चूक म्हणा की काय म्हणा. पंकजला शाळेत पोरं ‘कासव्या’ म्हणायची. बोहाड्यात तो कधी नाचला नव्हता, आणि सुप्याला नोकरी लागल्यापासून बोहाड्याला आलाही नव्हता. त्यानं तो फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘नरसिंहाचा खरा मान कोणाचा?’, आणि शनिवारी रजा टाकून तो घरी हजर झाला.

“आबा, आपलं सोंग आपुन परत घ्यायचं,” तो ओसरीवर बूट काढता काढता म्हणाला. “सूर्यभानचा कागदी मुखवटा बघा आन ह्यो बघा. ह्यो आदीचा. सगळ्या गावाला दिसतंय.”

“बघू,” सहादू म्हणाला. पण त्याच्या आवाजात कधी नव्हती अशी धार होती. दोन दिवस कामट्या तशाच पडून होत्या. कासवाची पाठ वाळत होती, तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

रविवारी टँकरवर सूर्यभानच्या सुनेनं मोनिकाचा हंडा पायानं बाजूला सारला. “वाघसिंहाच्या घरच्यांनी कशाला रांग धरायची,” ती म्हणाली, आणि चार बाया हसल्या. मोनिकानं हंडा परत रांगेत ठेवला. मंगळवारी दिवस कलताना देवळापुढं गाव बसणार, हेही तिला तिथंच कळलं.

परत येताना ती सासूच्या मागं चालत होती. डोक्यावर दोन हंडे, खाली दगडगोटे.

“आत्या, सुळे का कापले आसतील?”

“तू ते सुळंच धरून बसलीस.”

“ज्यानं एवढं चांगलं तोंड कोरलं त्यो सुळे कापंल का? आन कापून वर कागद का लावंल? कुनाला तरी ठाव आसंलच की.”

कडूबाईनं डोक्यावरचा हंडा सावरला. “चांगुनाबाईला आसंल. त्या काळातली तेवढीच राहिलीय. पन ती आपल्या घराशी बोलत न्हाई.”

“का?”

“मी या घरात आले तवापासनं न्हाई बोलत. का, ते मला कुनी सांगितलं न्हाई, आन मी इचारलं न्हाई.”

“आत्या! पस्तीस वर्सं?”

“सगळं इचारलं तर नांदनं हुतं व्हय?” कडूबाई म्हणाली.

*

चांगुणाबाईचं घर ओढ्यापलीकडं, गावापासून तुटलेलं, एकटं. सोमवारी सकाळी मोनिका तिथं गेली ती पाण्याचा हंडा घेऊन. म्हातारी अंगणात वाळत घातलेला हिरडा निवडत बसली होती. वय ऐंशीच्या पुढं, पण बोटं अजून चपळ.

“कुनाची गं तू?”

खोटं बोलावं असं मोनिकाच्या मनात येऊन गेलं. पण तिनं सांगितलं, “सहादूची सून.”

म्हातारीची बोटं थांबली. परत चालू झाली. “हंडा ठिव आन जा.”

मोनिकानं हंडा ठेवला. गेली मात्र नाही. समोर उकिडवी बसून तीही हिरडा निवडू लागली. किडका एकीकडं, चांगला एकीकडं. बऱ्याच वेळानं तिनं मोबाईल काढून फोटो म्हातारीपुढं धरला.

“आजी, ह्याचे सुळे कुनी कापले?”

चांगुणाबाईनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. परत जवळ नेला.

“आजून हाय व्हय ते तोंड,” ती म्हणाली. “मला वाटलं जाळलं आसंल.” मग म्हणाली, “छगननं कापले. तुझ्या आजेसासऱ्यानं. हितं, ह्या अंगनात, माझ्याम्होरं बसून कापले.”

म्हातारी बोलू लागली ती हिरड्याकडं बघतच.

“आमच्या मालकाचा, दगडूचा, एक डोळा गेल्ता. गावात इचार, कुनीबी सांगंल, दगडूचा डोळा देवानं घेतला. एकाहत्तरचा बोहाडा. नरसिंह तुमच्या घराकडं हुता, आन हिरन्यकश्यपू आमच्याकडं. नरसिंह त्याला मांडीवर घेतो, खाली वाकतो, पोट फाडल्यासारखं करतो. दर सालचाच खेळ. पन त्या साली दोघांचं बांधावरनं लई पेटलं हुतं. हातभर जमीन. ह्यो म्हनं तू कोरला, त्यो म्हनं तू कोरला. छगन वाकला, त्यो वाकतच ऱ्हायला. सुळा डोळ्यात गेला.”

“अंगात आल्तं का त्यांच्या?”

“गाव म्हनलं, अंगात आलं. देवानंच केलं म्हनलं की पोलीस न्हाई, कज्जा न्हाई. आमचं मालक बी तेच म्हनलं. पन दुसऱ्या दिवशी छगन आला, ते तोंड घेऊन, करवत घेऊन. चारी सुळे कापले. आन म्हनला, वयनी, देवाचं नाव घेऊ नका. हात माझा हुता.”

मोनिकानं हातातला हिरडा खाली ठेवला.

“मग?”

“मग काय. गावाम्होरं बी त्यो तेच बोलला, तर गावानं त्याला गप केला. वर म्हनलं, नरसिंह बंद पडता कामा नये. सूर्यभानच्या बाला कागदाचं तोंड करून दिलं. छगननं कासव मागून घेतलं. त्याला कुनीच घेत नव्हतं तवा. आन एका डोळ्यानं मालकाला नांगराचा तास सरळ धरता येईना, तर छगननं आमचं शेत नांगरलं. बावीस वर्सं. आदी आमचं, मग त्याचं. मी एक शब्द बोलले न्हाई त्याच्याशी. पान्याचा तांब्या बांधावर ठिवायची आन मागं फिरायची.”

“तुमी बावीस वर्सं न्हाई बोलला? त्यांनी कबूल करून पन?”

म्हातारीनं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं. “कबूल केलं म्हनून डोळा आला का?”

मग तिनं हंडा आपल्या मडक्यात रिकामा केला आणि मोनिकाच्या हातात दिला.

*

सांगावं की नाही, हा प्रश्न मोनिकाला ओढा ओलांडेपर्यंत छळत राहिला. घरी आली तेव्हा सहादू गोठ्याच्या सावलीत बसून मुखवट्याच्या आयाळीतली धूळ काडीनं काढत होता. इतकं मन लावून काही करताना तिनं त्याला पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, राहू द्यावं. आणि तरी तिनं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सांगताना ती मुखवट्याकडं बघत होती, सासऱ्याकडं नाही.

ऐकून झाल्यावर सहादूनं एकच विचारलं. “सोता म्हनला बा? हात माझा हुता?”

“व्हय.”

“मी जायचो त्याच्यासंगं नांगराला,” तो थोड्या वेळानं म्हणाला. “लहान हुतो. ढेकळं फोडायचो. मला वाटायचं, वाट्यानं करतो बा त्यांचं शेत. एक डाव मी म्हनलं, आदी आपलं करू, पाऊस येईल. तर लई मारलं मला. कशासाठी मारलं ते कळलं न्हाई मला कधी.”

त्यानं काडी टाकून दिली.

मंगळवारी देवळापुढं सगळं गाव जमलं. पंकजनं मुखवटा नव्या टॉवेलात गुंडाळून आणला होता, बोलायची तयारीही केली होती. पण त्याच्याआधी सूर्यभानच उठला. त्यानं आपला कागदी नरसिंह आणला होता, तो पारावर ठेवला.

“भांडान नको,” तो म्हणाला. “माझा बा मरताना म्हनला हुता, ह्ये आपलं न्हाई, सांभाळाया दिलंय. मागाया आले तर दे. आज मागतील, उद्या मागतील, म्हनून दर सालाला भ्यालो मी. सहादू, घे बाबा तुझं.”

पंकजनं वळून बापाकडं पाहिलं. त्याचा चेहरा फुलला होता. सहादू गुडघ्यावर हात दाबत उठला.

“दगडूतात्याचा डोळा देवानं घेतला, आसं आपुन समदी म्हनतो,” तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, मागची माणसं पुढं सरकली. “मी बी म्हनायचो. देवानं न्हाई घेतला. माझ्या बानं घेतला. बांधाचं भांडान हुतं. बा तवाच बोलला हुता, पन गावानं त्याला गप केला. म्हनून मी सांगतो.”

गुरव चुळबुळला. “सहादूभाऊ, आसं बोलू नये. सोंगात देव आस्तो.”

“आसंल की. नरसिंहात आस्तो, तर कासवात बी आसंलच. माझ्या बानं त्यातला एक निवडला. मला दुसरा नको.” तो सूर्यभानकडं वळला. “तुझं सोंग तुझ्याकडं. आता भिऊ नको. माझं कासव तेवढं गाळू नका. आन एक मागनं हाय. यंदा कासव वड्यापलीकडं नेनार मी. चांगुनाबाईच्या दारात.”

“तिकडं सोंग न्हाई जात,” कुणीतरी म्हणालं. “आन रातचं म्हातारीला उठवायचं का?”

“उजाडल्यावर जाईन. सगळ्यांच्या मागनं.”

कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. माणसं आपापल्या वाटेनं उठली. पंकज टॉवेलातलं गाठोडं घेऊन बापाच्या वीस पावलं पुढं चालत घरी गेला. “सगळ्या गावापुढं आपल्याच घराला काळं फासलं,” एवढंच तो आईला म्हणाला. दोन दिवस तो बापाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो न सांगता उठला, पाट्यापुढं बसला आणि चिंचोके वाटू लागला.

हातात फार थोडे दिवस राहिले होते. सहादूनं कामट्या बांधल्या, कडूबाईनं खळ शिजवली, मोनिकानं कागद लावला. सिंहाचा जबडा बुजवायच्या आधी तिनं चारी बाजूंनी त्याचे फोटो काढले.

“कशाला गं आता?” सहादूनं विचारलं.

“आसू द्या. पुढं कुनी इचारलं तर?”

सहादू हसला. वादळानंतर पहिल्यांदाच हसला.

*

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी उजाडलं तेव्हा बाकीची सोंगं आटोपली होती. माणसं ओट्याओट्यांवर पेंगत होती. कासव निघालं. पुढं संबळवाला आणि पिपाणीवाला, मागं दहा-बारा माणसं, त्यांत सूर्यभानही होता. पंकज बापाच्या कोपराला हात लावून चालत होता. ओढ्यात गुळगुळीत गोटे होते. तिथं त्यानं बापाला जवळजवळ उचललंच.

चांगुणाबाईचं दार बंद होतं. हिरडा मात्र आवरलेला होता, आणि अंगण झाडलेलं.

“हाक मारू का?” पंकजनं विचारलं.

“नको,” मुखवट्याआडून सहादू म्हणाला. “वाजवा.”

कासवाचा नाच दिसायला सोपा. कंबरेत वाकायचं, चार पावलं पुढं, दोन मागं, मग खाली बसून पाठ घुसळल्यासारखी फिरवायची. पण वाकलेल्या माणसाला ते सगळं किती जड जातं, हे मोनिकानं त्या दिवशी पाहिलं. सहादूच्या पोटऱ्या थरथरत होत्या. घाम हनुवटीवरून थेंब थेंब मातीत पडत होता. बसताना गुडघा कटकन वाजला तो संबळाच्या आवाजातही ऐकू आला. संबळवाला दोन्ही हातांनी वाजवत होता. नाच पुरा झाला. कासवानं उंबऱ्यापुढं डोकं टेकलं. दार उघडलं नाही.

“चला,” सहादू म्हणाला, आणि माणसं मागं फिरली.

मोनिका रेंगाळली. तिचे पायच निघेनात. मंडळी ओढ्यात उतरली तेव्हा दाराआतून आवाज आला.

“गेली का मानसं?”

“गेली, आजी. मी हाय.”

“त्यो पाय चुकतोय,” आतून चांगुणाबाई म्हणाली.

“आं?”

“बसून उठल्यावर डावा पाय आदी टाकायचा. ह्यो उजवा टाकतोय. तसंच नाचत आसंल इतकी वर्सं, सांगाया कोन हाय? उजवा टाकला की पाठ कलती, आन सगळा भार गुडघ्यावर येतो. छगन डावा टाकायचा.”

“आजी, तुमाला कसं ठाव? तुमी तर बोहाड्याला येत न्हाई.”

आतला आवाज दाराच्या आणखी जवळ आला.

“वड्याच्या काठाला येऊन बघायची मी,” म्हातारी म्हणाली. “टेंभ्यांच्या उजेडात तिकडलं दिसायचं. हिकडं अंधारात कोन उभं हाय ते कुनाला दिसतंय. जा, सांग त्याला.”

मोनिका पळत सुटली. ओढा ओलांडून वर येईतो तिला धाप लागली होती. कासव गावातल्या पहिल्या घरापुढं पोचलं होतं आणि तिथली बाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली होती.

“मामा, डावा पाय आदी,” ती म्हणाली. “बसून उठल्यावर. म्हंजे गुडघ्यावर भार न्हाई येत.”

मुखवटा सावकाश तिच्याकडं वळला. “कोन म्हनलं?”

“चांगुनाआजी.”

मुखवट्याआडून नुसता श्वास ऐकू येत होता, लांब लांब. संबळवाल्यानं विचारलं, “काय भाऊ, वाजवू का?” आणि तो थांबला. ताट धरलेली बाईही थांबली.

मग कासव खाली बसलं, त्यानं पाठ फिरवली, आणि उठताना डावा पाय आधी टाकला.